पाणीसुद्धा न प्यालेला माणूस

माझ्या घरमालकाला त्याच्या साहेबाने फसवलं. घरमालक म्हणजे उरणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला जुना बॉक्सर. साहेब म्हणजे, घरमालक ज्या कंपनीकडून बॉक्सिंग खेळायचा, तिच्या संघाचा मॅनेजर. फसवणूक पैशाची नव्हती. पैशाची असती तर मी ते पैसे केव्हाच वसूल करून दिले असते. बाजारात माझं नाव कशासाठी घेतात ते मला ठाऊक आहे. साहेबाने त्याची अब्रू नेली आणि आजपर्यंत परत आणून दिलेली नाही.

कोणाचंही नाव लिहीत नाही. कंपनी तर आता राहिलीही नाही. पण साहेब आहे, चांगला धडधाकट आहे, पनवेलला राहतो, आणि वाचतो. म्हणून लिहिते.

मी मूळची पालीकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. उरणच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसले तेव्हा मला सुकवलेल्या कोळंबीचे ताजे सोडे कुठले आणि गेल्या सालचे कुठले हेही कळत नव्हतं. टोपलीची हातगाडी झाली, हातगाडीवर माल मावेना, तेव्हा गाळा शोधत मी या माणसाच्या दारात उभी राहिले.

दार त्यानेच उघडलं. अंगात बनियन, मान आखूड, नाक एका बाजूला बसलेलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्याने दोन्ही मुठी वळून हनुवटीपाशी धरल्या, मान खाली घातली आणि भुवयांखालून माझ्याकडे रोखून बघायला लागला. मला वाटलं, हा आता ठोसा घालतो. मी पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"हात खाली घ्या," मी ओरडले. "बाईमाणसावर मुठी उगारता?"

आतून त्याची बायको धावत आली. तिच्या हाताला तांदळाचं पीठ लागलेलं होतं. "बाय, घाबरू नको," ती म्हणाली. "तो ऐकतो तवा तसाच उभा ऱ्हातो. तू बोल."

मी चप्पल हातातच ठेवून बोलले. भाडं फार आहे, भिंतीला ओल आहे, उधाणाला खाडीचं पाणी दारापर्यंत येतं, पत्रा गंजलाय. भाव पाडायचा तर मालातलं सगळं वाईट आधी मोजून दाखवायचं, ही माझी रीत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मुठी खाली केल्या.

"सगला खरा हाय," तो म्हणाला. "पन तुझ्याकडं काटा हाय का? मोठा? मानूस उभा ऱ्हाईल असा?"

मासळीच्या गोणी तोलायला माझ्याकडे प्लॅटफॉर्मचा काटा होता. मी हो म्हटलं.

"मग रोज सकाली मना वजन करू दे. तू बोलशील त्या भाड्याला गाला तुझा."

धंद्यात समोरचा पहिल्या बोलीला कबूल झाला की मी सावध होते. मालात काहीतरी खोट असणार. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पत्रा परत तपासला, शेजाऱ्यांना विचारलं, नळाला पाणी येतं का पाहिलं. खोट कुठे सापडली नाही. त्या माणसाला खरोखरच काटा हवा होता.

रोज सकाळी मी शटर वर करायच्या आधी तो पायरीवर बसलेला असायचा. आत आला की शर्ट काढायचा, घड्याळ काढायचा, कमरेची चावी काढून खिळ्याला लावायचा. मग श्वास पूर्ण सोडून काट्यावर चढायचा आणि छताकडे बघायचा. आकडा स्वतः कधी बघत नसे. "बोल," एवढंच म्हणायचा. मी आकडा सांगायची. साठ किलोच्या आत असला की खुशीत उतरायचा. जरा वर असला की त्या दिवशी भाकरी बंद. भर उन्हात मिठागराच्या बांधावर, मिठाच्या राशी झाकतात ते काळं प्लास्टिक अंगाला गुंडाळून चालत सुटायचा. बाजारातून येणाऱ्या बाया हसायच्या.

"दादा, आता कोणाशी खेळायचंय तुम्हाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कोनाशी न्हाय."

"मग?"

"पन बोलावला तर?" तो म्हणाला. "वजन वाढला तर वरच्या गटात टाकतात, बाय. तिथं समदं बैल असतात."

साठीला टेकलेला माणूस हे बोलत होता, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

सकाळी वजन झालं की तो हाताला पट्ट्या बांधायचा. सुती कापडाच्या लांब पट्ट्या. मनगटाभोवती, अंगठ्याभोवती, बोटांच्या पेरांवरून. बांधून झाल्या की थोडा वेळ हातांकडे बघायचा आणि परत सोडायचा. त्या पट्ट्या रोज धुतल्या जायच्या आणि वाळत पडायच्या कुठे, तर माझे बोंबील ज्या बांबूंच्या वलांडीवर लटकतात, तिथेच, बोंबलांच्या मधोमध. यावरून मी त्याच्याशी जितकी भांडले तितकी कोणाशी भांडले नसेन. बोंबलांना त्याच्या मालिशच्या तेलाचा वास लागायचा. पट्ट्यांना बोंबलांचा वास लागायचा. एकदा पनवेलच्या गिऱ्हाइकाच्या गोणीत एक अख्खी पट्टी गेली. त्या माणसाने फोन करून विचारलं, "मावशी, तुमच्या मासळीला जखम झाली होती काय?"

मी पट्टी नेऊन दादांच्या अंगावर फेकली. त्यांनी ती शांतपणे गुंडाळली आणि म्हणाले, "कालपास्नं शोधतोय."

त्याचं रिंगमधलं एक वाक्य होतं; तिथे हात खाली गेला की तोंडावर ठोसा बसतो. "हात वर ठेव." ते तो कोणालाही कशावरही सांगायचा. रिक्षावाल्याला सांगायचा, शाळेत निघालेल्या पोरांना सांगायचा. गावात हळदी असल्या की नवरीच्या डोक्यावर हात ठेवून "पोरी, हात वर ठेव," असा आशीर्वाद द्यायचा, आणि नवरी खरंच हात वर करायची, हळदीने पिवळे झालेले. एकदा एक जुना गुजराती व्यापारी सोड्यांचा सौदा करायला गाळ्यात आला होता. गोड बोलून, "बेन, बेन" करून त्याने मला बरीच खाली आणली होती. मी हो म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला: "बाय, हात खाली गेला तुजा."

मी भानावर आले आणि पहिल्या भावावर परत गेले. व्यापाऱ्याने विचारलं, "आ कोण छे?"

"माझा घरमालक," मी म्हटलं. "आणि भाव हाच."

एवढं वाचून कोणाला वाटेल, वल्ली होता, मजेशीर होता. होताच. पण त्याच्याबरोबर राहून मला हळूहळू दुसरं दिसायला लागलं. चहाचा पेला तो कधी अर्ध्याच्या वर भरू देत नसे, कारण हात थरथरायचा. जीभ जड झाली होती. ओळखीचा नसेल त्याला त्याचं बोलणं उलगडत नसे. डावा पाय किंचित ओढायचा. ऊन डोळ्यांत गेलं की डोकं धरून बसायचा. एकच गोष्ट सकाळी विचारायचा, दुपारी विचारायचा. एखाद्या दिवशी कारण नसताना हसत सुटायचा आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. आणि एकदा माझ्या शटरवर त्याने असा ठोसा मारला की पत्र्यात खळगा पडला. तो अजून आहे. मारून झाल्यावर तो पायरीवर बसला, खळग्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "यो कोनी केला?"

त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले नाही.

गावात त्याला पूर्वी ठोशा म्हणत. मी आले तेव्हा क्वार्टर म्हणत. झोकांड्या खातो, जीभ अडखळते, वेळेचं भान नाही; आमच्याकडे याला एकच कारण लोकांना माहीत आहे. आणि त्याला दारूच प्यायची असती तर या गावात मोकळं रान होतं. पण ज्या माणसाला लग्नाच्या जेवणात दुसरा वडा वजनाच्या भीतीने घेता येत नव्हता, तो बाटली कधी लावेल? मी रोज सकाळी हातभर अंतरावर उभी राहून त्याचं वजन करायची. मासळीच्या धंद्यात नाक हीच माझी कमाई. दारूचा वास मला त्याच्याकडून एक दिवस आला नाही. मालिशचं तेल, घाम आणि माझेच बोंबील, बाकी काही नाही.

मग क्वार्टर हे नाव आलं कुठून, ते मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं. आम्ही दोघी अंगणात जवळा निवडत होतो. त्या कमी बोलणाऱ्या. पण त्या दिवशी बोलल्या.

तो तरुण होता तेव्हाची गोष्ट. कंपनीत हंगामी कामगार, पण बॉक्सिंगसाठी घेतलेला. साहेबाचा शब्द होता की फायनल जिंकला तर नोकरी पक्की. फायनलच्या काही दिवस आधी सरावात त्याला डोक्यावर असा फटका बसला की तो रिंगमध्येच आडवा झाला आणि बराच वेळ उठला नाही. शुद्धीवर आल्यावर त्याला बसमध्ये घालून घरी पाठवलं. वाटेत उलट्या. घरी आला तर बायकोला ओळखेना.

"मना विचारतो, तू कोन्च्या घरची?" वहिनी म्हणाल्या. "लगीन होऊन वरीस झालेला न्हवता."

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन घरी आला. खाटेवर बसला, चहा घेतला. बॉक्सिंगचा नियम असा, की असा आडवा झालेला माणूस बरेच दिवस रिंगमध्ये उतरू शकत नाही. रिंगवरचा डॉक्टर तपासतो आणि थांबवतो. साहेबाने वहिनींना सांगितलं, "वहिनी, कुठे बोलू नका. डॉक्टरने विचारलं तर वडापाव बाधला म्हणायचं. याच्या नोकरीचा प्रश्न आहे." त्या बोलल्या नाहीत. तो फायनल खेळला, आणखी मार खाल्ला आणि जिंकला.

त्या फायनलचा कप घरात देव्हाऱ्याशेजारी आहे. दादांना ती फायनल आठवत नाही. एक फेरीसुद्धा नाही. मला त्यांनी कप हातात घेऊन कितीदा तरी विचारलंय, "बाय, समोरचा पोऱ्या कसा खेलला असंल गं?"

नोकरी पक्की झाली, तो पुढे कित्येक वर्षं खेळत राहिला, आणि मार साठत गेला. मग हात कापायला लागले, कंपनीच्या यार्डात चालताना तोल जायला लागला. कामगारांनी म्हटलं, याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. आता डॉक्टरला दाखवायचं म्हणजे डॉक्टर विचारणार, कधी लागलं, किती लागलं, मग खेळू कोणी दिलं. साहेब तोवर वरच्या खुर्चीवर बसला होता. त्याने डॉक्टरला दाखवलंच नाही. पिऊन कामावर येतो, असं कंपनीत सांगितलं. आणि दादांना बाजूला घेऊन म्हणाला, मुकाट्याने घरी बस, म्हणजे तुझं नाव खराब होणार नाही. दादांनी त्याचे पाय धरले आणि घरी आले. क्वार्टर हे नाव त्यांच्या आधी गावात पोचलं होतं.

हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. पण झालेल्याला वर्षं झाली होती, आणि वहिनी म्हणाल्या, "जाव दे. पालखी हाय ना अजून त्याच्याकडं."

ती पालखी गेली, आणि मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिली.

या गावच्या देवीची पालखी चैत्रात निघते. पुढच्या दांडीचा डावा खांदा दादांच्या घराण्याचा. बाप, आजा, सगळ्यांनी दिलेला. गावाने त्याला काहीही म्हटलं तरी त्या दिवशी तो मान त्याचा असायचा. पालखीच्या दिवशी गावात कोणी दारूला शिवत नाही. एरवी पिणारेही त्या दिवशी ताक पिऊन बसतात.

त्या वर्षी दादांचं वजन वाढलं होतं. सूज असावी, पण त्यांच्या डोक्यात एकच, साठच्या वर गेलो. मी म्हटलं, "देवी काय काटा घेऊन बसलीय का?"

"हलका होऊन खांदा द्यायचा," ते म्हणाले. "लढतीला उतरतो तसा."

आणि त्यांनी लढतीसारखीच तयारी केली. प्लास्टिक गुंडाळून मिठागरावर चालले. खाणं बंद केलं. आदल्या दिवसापासून पाणी बंद केलं. गाळ्याच्या पायरीवर बसून थुंकत राहिले, अंगातलं पाणी जाऊन वजन उतरावं म्हणून. बॉक्सर असंच करतात म्हणे. पालखीच्या दिवशी सकाळी काट्यावर चढले तेव्हा ओठांना भेगा पडल्या होत्या. "बोल," म्हणाले. काटा साठच्या आत होता. मी आकडा सांगितला, तसे पोरासारखे हसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "खांदा दिल्यावर," म्हणाले.

पालखी देवळातून निघून बांधाच्या उतारावर आली. ऊन डोक्यावर. मी बायांमध्ये उभी होते. दादांचा डावा पाय आधी ओढला, मग दुमडला. पालखी कलंडली, देवीचा मुखवटा सरकला, कोणीतरी तो वरच्या वर धरला. ताशा थांबला. दादा गुडघ्यावर, पण दांडी खांद्यावरून सोडली नव्हती.

"प्यालाय!" गर्दीतून आवाज आला. "देवीच्या दिवशी प्यालाय!"

साहेब त्या दिवशी पाहुणा म्हणून आला होता, पोरांच्या कुस्त्यांची बक्षिसं त्याच्या हातून द्यायची होती. गावच्या कमिटीचे अध्यक्ष त्याच्याकडे वळले. "साहेब, तुमच्याच हाताखाली व्हता ना? तुमीच सांगा."

त्याने काय करायला हवं होतं? काहीच नाही. "मला ठाऊक नाही," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. साहेबाने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि म्हणाला, "काय सांगू? कामावरही हेच व्हायचं. म्हणून तर घरी बसावं लागलं त्याला."

मी बायांतून बाहेर पडले. परक्या गावची, भाडेकरू, आणि बाईमाणूस. त्या जागी जायचा मला काही हक्क नव्हता. मी गेले. दादांच्या समोर बसले आणि म्हटलं, "दादा, तोंड उघडा." त्यांनी उघडलं. मी सगळ्या गावासमोर त्यांच्या तोंडाला नाक लावलं. उपाशी माणसाच्या कोरड्या तोंडाचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

"वास नाही!" मी ओरडले. "या, कोणीही या आणि नाक लावा! काल सकाळपासून हा माणूस पाणीसुद्धा प्यालेला नाही!"

कोणी पुढे आलं नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "सुकटवालीला कसला वास येतोय!" आणि लोक हसले. देवीची पालखी रस्त्यात कलंडलेली, आणि लोक हसले.

मी दादांकडे वळले. म्हटलं, आता तरी हे काही बोलतील. त्यांनी मुठी हनुवटीपाशी घेतल्या होत्या. साहेबाकडे बघत होते. ऐकत होते.

"साहेब बोलतात म्हंजे असंल," ते म्हणाले.

हे मी आजवर विसरू शकलेले नाही. ज्याला स्वतःची फायनल आठवत नाही, त्याला स्वतःची सकाळ तरी कुठून आठवणार? साहेबाने सांगितलं तू प्यालास, तर प्यालो असेन. त्या दिवशी गावाने त्यांचा खांदा काढून घेतला. दुसऱ्या सकाळी ते काट्यावर चढले, छताकडे बघितलं, आणि "बोल" म्हणायच्या ऐवजी मला विचारलं, "बाय, मी प्यालो व्हतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"साहेब बोलले ना पन."

तेव्हापासून रोज हाच प्रश्न.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. वहिनींना आणि दादांना टेम्पोत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो काढले, पुष्कळ प्रश्न विचारले आणि सांगितलं, हे दारूने झालेलं नाही, डोक्यावरच्या माराने झालेलं आहे. गेलेलं परत येणार नाही, आणि हळूहळू वाढेल. मी परत येऊन अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष वाईट माणूस नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"सुकटवाली, डॉक्टर देवीला ठावं न्हाय," ते म्हणाले. "पालखीसमोर शब्द पडला तो साहेबांचा. पालखीसमोरच त्यांनी मागं घ्यावा. घेतला की त्याच दिशी खांदा त्याचा. मी देवीपुढं नारल ठेवून सांगतो."

हा सौदा मला पटला. जिथे माल गेला तिथेच परत यायला हवा.

म्हणून मी पनवेलला साहेबाच्या घरी गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चांगले सोडे घेऊन गेले. त्याने बसवलं, चहा दिला. आता तो पोरांना बॉक्सिंग शिकवण्याचे वर्ग चालवतो. भिंतीवर फोटो होते आणि त्यातल्या एकात दादाही होते, कप घेऊन, डोळे कुठेतरी तिसरीकडे.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, बॉक्सिंग आहे. मार लागणारच. त्याला काय ठाऊक नव्हतं?"

"मार लागला, हे तुम्ही आत्ता बोललात," मी म्हटलं. "एवढंच देवळासमोर बोला. मी बाकी काही मागत नाही."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "असं करू. आमच्या पुढच्या स्पर्धेला त्याचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, मोठा बॅनर लावू. गावात गाडी पाठवतो."

मी बाजारात आयुष्य काढलंय. गिऱ्हाईक सोडे मागतं आणि विकणारा त्याच्या पुढ्यात स्वस्तातला जवळा ओततो, हे मी हजारदा पाहिलंय, आणि केलंयही. मी म्हटलं, "साहेब, मला दुसरा माल दाखवू नका."

"तुमचा काय संबंध पण?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही त्यांच्या जातीच्या नाही, गावच्या नाही. भाडेकरू आहात."

"रोज सकाळी तो मला विचारतो, म्हणून संबंध," मी म्हटलं. "तुम्हाला विचारत असता तर मी आले नसते."

तेव्हा त्याने खरं कारण सांगितलं. म्हणाला, "माझ्याकडे लोकांची पोरं येतात. मी असं काही बोललो तर उद्या एक बाप पोरगा पाठवणार नाही."

मी उठले. सोड्यांची पिशवी टेबलावर होती ती उचलली आणि परत घेऊन आले.  

आता दादा एकटे काट्यावर चढू शकत नाहीत. वहिनी एका बाजूने धरतात, मी दुसऱ्या बाजूने. दोघींनी धरलेलं असताना आकडा खरा येत नाही, पण मी साठच्या आतलाच सांगते. पट्ट्या आता मी बांधते, मला जमायला लागल्या आहेत. वलांडीवर माझ्या बोंबलांच्या मधोमध वाळत घालते, आणि ज्या गिऱ्हाइकाला वास येत असेल त्याने दुसरीकडून घ्यावे. वहिनींचं नाव ते कधीकधी विसरतात. माझं तर केव्हाच विसरले, मी नुसती बाय. पण साहेब, तुमचं नाव ते विसरलेले नाहीत. आणि प्रश्न विसरलेले नाहीत. मी रोज नाही म्हणते, वहिनी रोज नाही म्हणतात, आणि ते रोज म्हणतात, साहेब बोलले ना पन. आमचा शब्द त्यांच्यापाशी चालत नाही. तुमचाच चालतो.

चैत्र जवळ आलाय. पालखी निघेल. अध्यक्षांनी नारळ ठेवून दिलेला शब्द अजून कायम आहे, मी परवाच विचारून आले. दादांना आता पालखी पेलणार नाही, हे मला कळतं. नुसता हात लावतील दांडीला, बाकीचे पेलतील. पण तो हात मानाने लागायला हवा.

तुम्ही पांढरा सदरा घालून पाहुणे म्हणून याल, तर पहिल्या रांगेत बसू नका. बांधाच्या उतारावर या, जिथे बोललात तिथे. तुमच्या पोरांचे बापही गर्दीत असतील तर असू देत, ऐकू देत, मार लागला की पोराला थांबवणारा माणूस हवा, हे त्यांनाही कळू देत. दादांच्या समोर उभे राहा. ते मुठी वर घेतील, त्याला घाबरू नका. ते ऐकतात तेव्हा तसेच उभे राहतात.

आणि त्यांनी विचारलं, साहेब, मी प्यालो व्हतो का, की त्यांच्या डोळ्यांत बघून उत्तर द्या. मी शेजारीच उभी असेन. या वेळी उत्तर मिळाल्याशिवाय मी पालखी पुढे जाऊ देणार नाही.